‘उजवीकडे वळणारा वारा’ : एका रूढ स्पष्टीकरणाची चिकित्सा

‘पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात’ हे वाक्य भूगोलविषयक मराठी लेखनात इतके रूढ झाले आहे की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते : ‘म्हणून तेथील चक्रीवादळे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतात.’ या दोन वाक्यांमधील ‘म्हणून’ हे अव्यय वस्तुतः काहीच जोडीत नाही. सतत उजवीकडे वळत जाणारा वाटसरू घड्याळाच्या काट्यांच्याच दिशेने वर्तुळ पुरे करील. विद्यार्थ्याने ही शंका काढली तर ती मंदबुद्धीची नव्हे, वाक्य नीट वाचल्याची खूण मानली पाहिजे.

दोष निरीक्षणात नसून ‘वळणे’ या क्रियापदाच्या योजनेत आहे. मार्गाचे वाकणे आणि लक्ष्यापासून बाजूस ढळणे अशा दोन भिन्न क्रियांचा भार त्यावर टाकलेला असतो. वादळाच्या केंद्रात वायुभार कमी असतो व सभोवारची हवा तिकडे ओढली जाते. परिवलनामुळे तिची प्रवृत्ती उजवीकडे ढळण्याची असते. त्यामुळे केंद्र गाठण्याऐवजी ती त्याला डाव्या हातास टाकून पुढे जाऊ लागते. केंद्राची ओढ मात्र सुटत नाही. तीच हवेचा मार्ग सारखा डावीकडे वाकवीत राहते. तात्पर्य, वादळातील वारा उजवीकडे ढळतो आणि डावीकडे वळतो. रूढ वाक्य वादळाला लावले असता ते अपुरेच नव्हे, अक्षरशः उलटे ठरते. या संदर्भात बायस बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला नियम अधिक प्रामाणिक वाटतो : वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास उत्तर गोलार्धात कमी भाराचा प्रदेश डाव्या हातास असतो. त्यात वळण्याची भाषाच नाही.

हवा ढळते का, याचे जे उत्तर बहुधा दिले जाते ते मूळचे जॉर्ज हॅडलीचे. व्यापारी वाऱ्यांवरील १७३५ च्या निबंधात त्याने ते मांडले. विषुववृत्तावरील भूपृष्ठ ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, ६० अंशांवर त्याच्या निम्म्याने. यास्तव विषुववृत्ताकडून निघालेली हवा पुढे सरते व विषुववृत्ताकडे येणारी मागे पडते. युक्तिवाद सुबोध आहे, पण त्याचे हिशेब जुळत नाहीत. विषुववृत्तावर भूमीसापेक्ष स्थिर असलेली हवा २० अंशांपर्यंत आली तर या रीतीने तिला सेकंदास सुमारे २८ मीटर पूर्वगामी वेग मिळावा. कोनीय संवेग अक्षय्य राहतो हे ध्यानी घेता तो सुमारे ५८ मीटर येतो. त्याहून मोठी उणीव अशी की, पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या वाऱ्याविषयी हॅडलीला काहीच सांगता येत नाही. वादळाला तर चारही बाजू असतात! वारा कोणत्याही दिशेने वाहत असला तरी ढळतो, हे विल्यम फेरेलने १८५० नंतरच्या दशकात दाखविले. ज्याचे नाव या परिणामास लाभले त्या कोरिऑलिसचा १८३५ चा निबंध यंत्रांच्या फिरत्या भागांविषयी होता. वाऱ्यांचा त्यात उल्लेखही नाही. हॅडलीचे स्पष्टीकरण आजही पुढे येते, कारण ते गोष्टीसारखे सांगता येते.

पूर्व-पश्चिम वाऱ्याचे उत्तर पृथ्वीच्या आकारात सापडते. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येहून सुमारे २१ किलोमीटर अधिक आहे. या फुगवट्यामुळे स्थिर वस्तूची विषुववृत्ताकडे सरकण्याची प्रवृत्ती आणि गुरुत्वाची ध्रुवाकडील ओढ यांचा तोल साधलेला असतो. पूर्वेकडे वाहणारी हवा भूमीहून जलद फिरते, तोल मोडतो आणि ती विषुववृत्ताकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात उजवीकडे, ढळते. पश्चिमेकडे जाणारी हवा ध्रुवाकडे ओढली जाते, तेही उजवीकडेच. गोल आकाराचा दुसरा परिणाम असा की, ध्रुवावरील भूमी आपल्या उभ्या अक्षाभोवती पूर्णपणे फिरते, विषुववृत्तावरील मुळीच फिरत नाही. विषुववृत्तालगत चक्रीवादळे क्वचितच जन्मतात ती याचमुळे. डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ सुमारे दीड अंश उत्तर अक्षांशावर निर्माण झालेले ‘वामेई’ त्याच कारणाने अपवाद म्हणून नोंदले गेले.

आता संज्ञांचा प्रश्न. दिशा सांगण्यासाठी ‘सव्य’ व ‘अपसव्य’ हे शब्द शास्त्रीय मराठीत योजले जातात. संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे मुख्यतः डावा (‘सव्यसाची’ हे अर्जुनाचे नाव सर्वपरिचित आहे), तर या लेखनात सव्य म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. शिवाय ही जोडी गोलार्धागणिक उलटते. उलटपक्षी ‘आवर्त’ आणि ‘प्रत्यावर्त’ हे शब्द कोणताच हात मानीत नाहीत. ‘प्रति’ म्हणजे विरुद्ध. पण कशाच्या विरुद्ध? पायाखालच्या भूमीच्या फिरण्याच्या. वरून पाहता उत्तर गोलार्धातील भूमी अपसव्य फिरते, दक्षिणेतील सव्य. आवर्त दोन्हीकडे भूमीच्याच दिशेने फिरते आणि प्रत्यावर्त तिच्या उलट. हेन्री पिडिंग्टनने १८४८ साली कलकत्त्यात इंग्रजीसाठी जो ग्रीकोद्भव शब्द घडविला त्यात वर्तुळाची कल्पना आहे, विरोधाची नाही. ती पुढे उपसर्गाने जोडावी लागली. मराठी जोडीत नियम आधीच दडलेला आहे. खेद इतकाच की, आवर्ताची व्याख्या देतानाही काट्यांचीच दिशा पाठ करून घेतली जाते.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. अपसव्य फिरणारे वादळ कोकणात शिरते तेव्हा केंद्राच्या दक्षिणेस वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो व पाणी त्या बाजूस चढते. उत्तरेस तो जमिनीवरून समुद्राकडे जातो. ओडिशाच्या किनाऱ्यावर हेच वादळ पश्चिमेकडे सरकत आले तर पाणी केंद्राच्या उत्तरेस चढेल. मार्च २०१९ मध्ये मोझांबिकमधील बैरा शहराजवळ धडकलेले ‘इदाई’ सव्य फिरणारे होते. तेथे हिशेब पुन्हा बदलतो. ‘उजवीकडे वळतात’ या वाक्यावरून सरळ अनुमान काढणारा वाचक तिन्ही ठिकाणी नेमकी चुकीची बाजू सांगेल.