म्हसे, जिव्या सोमा
(१९३४–२०१८). वारली जमातीतील विख्यात चित्रकार. विवाहविधीशी निगडित असलेल्या वारली भित्तिचित्रणाला त्यांनी ग्रामजीवनाच्या स्वतंत्र चित्रणाचे रूप दिले. जन्म तत्कालीन ठाणे (विद्यमान पालघर) जिल्ह्यातील धामणगाव (ता. तलासरी) येथे. बालपणीच मातृवियोग झाला. त्या आघाताने त्यांची वाचा काही वर्षे बंद झाली व या काळात धुळीत रेखाटने करून ते इतरांशी संवाद साधत. पुढे डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यात ते स्थायिक झाले.

वारल्यांमध्ये लग्नप्रसंगी कुडाच्या भिंतीवर शेण व गेरूचे सारवण करून तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहिण्याची प्रथा आहे. तो लिहिण्याचा अधिकार परंपरेने सुवासिनींचा. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि झाडे, पशुपक्षी, माणसे यांचे स्थान तिच्या सभोवार असते. पुरुष असूनही म्हसे यांनी हे लेखन हाती घेतले व ते नित्य चालू ठेवले. विणकर सेवा केंद्राचे चित्रकार भास्कर कुलकर्णी हे १९७०च्या दशकाच्या आरंभी या भागात आले. त्यांनी कागद व रंग पुरविले आणि म्हसे यांचे कसब ओळखून त्यांना उत्तेजन दिले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले.

भिंतीवरून कागदावर येताना चित्रातून विधी गळाला आणि त्याबरोबर देवीचे मध्यवर्ती स्थानही गेले. विधीचा आधार सुटल्यावर आकृती केवळ शोभेच्या उरण्याचा धोका होता. म्हसे यांनी तो टाळला, कारण मोकळ्या झालेल्या मध्यस्थानी त्यांनी कोणा एका व्यक्तीस न बसविता समूहाचे काम आणले. भाताची लावणी, खळ्यावरील मळणी, शिकार, मासेमारी, लग्नाची वऱ्हाडे हे त्यांचे विषय होत. या चित्रांत क्षितिजरेषा नसते, छायाप्रकाश नसतो, चेहऱ्यांवर भावही नसतात. टोकाशी जोडलेले दोन त्रिकोण आणि बारीक हातपाय एवढ्यावरच मनुष्याकृती उभी राहते. परंतु कमरेचा बाक व पायांतील अंतर किंचित बदलून वाकणे, ओढणे, धावणे, थकणे या सर्व अवस्था ते नेमकेपणाने दाखवितात. तारपानृत्यात वादकाभोवती फिरणाऱ्या नर्तकांची साखळी वळत जाते, तेव्हा पाहणाऱ्याची दृष्टीही तिच्याबरोबर फिरू लागते.

मासे धरण्याच्या जाळ्याची त्यांची चित्रे या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहेत. अतिसूक्ष्म रेषांनी विणलेले प्रचंड जाळे चित्रक्षेत्राचा बहुतांश भाग व्यापते आणि माणसे त्याच्या मानाने अगदी लहान असतात. जाळे येथे केवळ साधन राहत नाही. माणूस, पाणी व मासे यांना एकत्र धरणारी तीच चित्राची रचना होते.

शहरी कलाशिक्षण घेतलेल्या आधुनिक चित्रकारांच्या ग्रामचित्रणाशी तुलना केल्यास हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या उत्तरकालीन बिंदुवादी चित्रांतील ग्रामीण स्त्रिया किंवा बी. प्रभा यांच्या उंच, कृश, एकाकी कष्टकरी स्त्रिया यांच्याकडे चित्रकार सहानुभूतीने, पण बाहेरून पाहतो. तेथे व्यक्ती थांबलेली असते व तिचे रूप हा विषय असतो. म्हसे यांच्या चित्रांत कोणीही पाहणाऱ्यासाठी थांबत नाही. त्यामुळे त्यांत गावाविषयीची हळहळ वा गौरव यांपैकी काहीच आढळत नाही. मात्र गावातील सावकारी, वेठ, जमिनीचे तंटे यांनाही या चित्रसृष्टीत क्वचितच जागा मिळते. ही तिची मर्यादा म्हणावी लागेल. मागणी वाढल्यावर त्याच विषयांची पुनरावृत्तीही झाली.

म्हसे यांच्या यशानंतर अनेक वारली तरुण चित्रकलेकडे वळले. त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू हेही चित्रकार आहेत. याबरोबरच वारली आकृती पडदे, कपबशा, भेटकार्डे आणि शहरांतील कुंपणभिंती यांवर सर्रास दिसू लागल्या. मुंबईच्या उपनगरांत, आरे परिसरात, वारल्यांचे पाडे आजही आहेत. परंतु बहुसंख्य नागरिकांना वारली माहीत आहेत ते या नक्षीतून. अशा नक्षीत त्रिकोणी माणसे व तारपा असतो, पण माणसांना एकमेकांशी बांधणारे काम नसते. म्हसे यांची अस्सल चित्रे व त्यांचे अनुकरण यांतील भेद ओळखण्याची खूण हीच होय.

पॅरिस येथे १९८९ मध्ये भरलेल्या, जगातील विविध परंपरांच्या कलावंतांना एकत्र आणणाऱ्या ‘मॅजिसिएँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत त्यांचे प्रदर्शन झाले. राष्ट्रीय पुरस्कार (१९७६), शिल्पगुरू (२००२), नेदर्लंड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार (२००९) व पद्मश्री (२०११) हे सन्मान त्यांना लाभले. तथापि ज्या सुवासिनींकडून ही रेषा आली, त्या बहुतांशी अनामिकच राहिल्या. म्हसे यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना या अनामिक परंपरेचे ऋणही ध्यानात घेणे आवश्यक ठरते.