०.२६ की ०.४१? कार्टिट्यूड-४ चा पेपर वाचताना

मायलोमाच्या कार-टी थेरपीवर जर्नल क्लब घ्यायचा ठरवलात, तर तुमच्या हातात बहुधा कार्टिट्यूड-४ चा पेपर येईल. तो २०२३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. ॲबस्ट्रॅक्टमध्ये एक आकडा लगेच डोळ्यांत भरतो : हॅझार्ड रेशो ०.२६. आता त्याच औषधाचं, म्हणजे सिल्टा-सेलचं, अमेरिकी एफडीएने मान्य केलेलं माहितीपत्रक उघडा. ट्रायल तीच, रुग्ण तेच, पण हॅझार्ड रेशो ०.४१. कुणीही खोटं बोललेलं नाही. मग हा फरक आला कुठून?

आधी थेरपी थोडक्यात बघू. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालतात, म्हणजे मायलोमाच्या पेशींवरचं बीसीएमए हे प्रथिन त्यांना ओळखता येतं. मग त्यांची संख्या वाढवतात आणि शिरेतून त्या रुग्णाला परत देतात. या सगळ्याला कित्येक आठवडे लागतात. आजार काही तोवर थांबत नाही, म्हणून मधल्या काळात नेहमीची औषधं देतात. ही झाली ब्रिजिंग थेरपी.

या ट्रायलमध्ये ४१९ रुग्ण होते, सगळ्यांचा आजार लेनालिडोमाइडला न जुमानणारा. २०८ जण सिल्टा-सेल गटात आणि २११ जण नेहमीच्या उपचारांच्या गटात. ब्रिजिंगची औषधं आणि दुसऱ्या गटाचे उपचार एकाच यादीतले होते. म्हणजे पहिले काही आठवडे दोन्ही गट जवळपास सारखीच औषधं घेत होते.

आता खरी मेख. ०.२६ काढताना रँडमायझेशननंतरच्या पहिल्या ८ आठवड्यांतल्या घटनांना शून्य वजन दिलंय. त्या काळात कुणाचा आजार वाढला किंवा कुणी दगावलं, तरी या आकड्यात ते धरलं जात नाही. हे मेथड्समध्ये लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. वजन न देता हिशोब केला की ०.४१ येतो. याचा अर्थ सरळ आहे : पहिल्या ८ आठवड्यांत सिल्टा-सेल गटाला फायदा दिसत नव्हता.

संशोधकांची बाजूही समजून घ्या. पेशी अजून शरीरात गेलेल्याच नाहीत, तर त्या काळातल्या घटनांचा दोष पेशींना का द्यायचा? जीवशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. ‘पेशी दिल्यावर त्या काम करतात का?’ असं विचारलं, तर ०.२६ हे चांगलं उत्तर आहे.

पण दवाखान्यात बसलेल्या रुग्णाचा प्रश्न हा नसतो. तो विचारतो, ‘आज मी हा रस्ता धरला, तर माझं काय होईल?’ त्याच्यासाठी वाट बघणं हा उपचाराचाच भाग आहे. २०८ पैकी १७६ जणांनाच ठरल्याप्रमाणे पेशी मिळाल्या. उरलेल्या ३२ जणांना रस्ता धरूनही मुक्कामाला वेळेत पोचता आलं नाही. त्यांना हिशोबात घ्यायचं, तर आकडा ०.४१ हाच. ०.४१ काही वाईट नाही, उलट उत्तमच आहे! म्हणूनच मला वाटतं, ॲबस्ट्रॅक्टमध्ये दोन्ही आकडे शेजारी-शेजारी हवे होते. लोक ॲबस्ट्रॅक्टच वाचतात आणि तोच आकडा पुढे स्लाइडवर जातो.

मृत्यूंचे आकडे बघितले की हा नुसता सांख्यिकीचा वाद राहत नाही. माहितीपत्रकानुसार पहिल्या १० महिन्यांत सिल्टा-सेल गटात २०८ पैकी २९ जण दगावले आणि दुसऱ्या गटात २११ पैकी २५. त्या २९ पैकी १० जण पेशी मिळण्याआधीच गेले. मात्र पुढे चित्र पालटतं. जास्त काळ पाठपुरावा केल्यावर एकूण जगण्याचा हॅझार्ड रेशो ०.५५ आला, म्हणजे फायदा स्पष्टपणे सिल्टा-सेलच्या बाजूने. सुरुवातीला धोका थोडा जास्त आणि नंतर बराच कमी, असं असेल तर धोक्याचं प्रमाण सगळा काळ सारखंच राहतं हे गृहीतक टिकत नाही. अशा वेळी एकच हॅझार्ड रेशो सगळी गोष्ट सांगू शकत नाही. तो पूर्ण आलेखच बघावा लागतो.

हीच नजर आधीच्या कार्टिट्यूड-१ कडे वळवा. तिथे तुलनेचा गटच नव्हता. ‘९७ टक्के रुग्णांना प्रतिसाद’ हे तुम्ही वाचलं असेल. ते ९७ पैकी ९४ जण आहेत. पण नोंदणी झाली होती ११३ जणांची. पेशी न मिळालेल्यांना ‘प्रतिसाद नाही’ असं धरलं, तर भागाकार ८३ टक्क्यांवर येतो. पुढे पाच वर्षांनंतर ३२ जण आजार न वाढता जगत होते. वारंवार उलटलेल्या मायलोमात ही खरोखर मोठी गोष्ट आहे. तरी तिथेही ‘एक तृतीयांश’ म्हणताना छेद ९७ चा आहे, हे विसरू नका.

आपल्याकडच्या चर्चेत अजून एक गल्लत होते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. तिचं लक्ष्य सीडी१९ आहे. ती बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे, मायलोमासाठी नाही. त्यामुळे एकीचे आकडे दुसरीला चिकटवू नका. छेदाचा प्रश्न मात्र दोन्हींना विचारा.

तर पुढचा पेपर हातात आला की निकालाकडे धावू नका. आधी रुग्णांच्या वाटचालीची आकृती काढा : किती जण आत आले, किती जणांना उपचार मिळाला, मधले कुठे गेले. मग घड्याळ कोणत्या दिवशी सुरू केलं ते शोधा, नोंदणीच्या की पेशी दिल्याच्या. शेवटी मेथड्समध्ये ‘वजन’ हा शब्द सापडतो का ते बघा. कार्टिट्यूड-४ आणि माहितीपत्रक शेजारी ठेवून हा सराव आजच करा. तासाभराचं काम आहे.