मजुरीचा तपास आणि आपले साहित्य

साहित्यातला सरकारी तपासनीस कोण, असे विचारले तर मराठी वाचकाला बहुधा पु. ल. देशपांडे यांचे ‘अंमलदार’ आठवेल. गोगोलच्या नाटकाचे ते मराठी रूप. वरून कोणी अधिकारी तपासणीला येणार अशी कुणकुण लागते, गावातले बडे लोक हादरतात आणि भलत्याच माणसाला साहेब समजून त्याची सरबराई करतात. इंग्रजी नाटके वाचणाऱ्यांना जे. बी. प्रीस्टली यांचे १९४५ सालचे ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ आठवेल. बर्लिंग या कारखानदाराच्या घरी मेजवानी चालू असताना एक इन्स्पेक्टर येतो आणि एका तरुण मुलीच्या आत्महत्येची चौकशी सुरू करतो. मुलीच्या दुर्दैवाची सुरुवात पगारापासून झालेली असते. आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळत होते, मुलींनी पंचवीस मागितले, संप केला, संप मोडला आणि पुढाकार घेणाऱ्यांना कामावरून काढले. जगभर गाजलेल्या या नाटकाच्या मुळाशी अडीच शिलिंगांचा वेतनतंटा आहे, हे आपले समीक्षक सहसा सांगत नाहीत. ते विवेकाबद्दल बोलतात, अपराधभावाबद्दल बोलतात, अडीच शिलिंग विसरतात.

या दोन्ही नाटकांत एक साम्य आहे. गोगोलचा तपासनीस तोतया निघतो आणि प्रीस्टलीचा इन्स्पेक्टरही पोलिसांच्या यादीतला नसतो. दोन्ही नाटके संपतात ती खरा अधिकारी येतो आहे ही वर्दी मिळाल्यावर. गोगोलकडे शिपाई निरोप घेऊन येतो, प्रीस्टलीकडे फोन वाजतो आणि पडदा पडतो. खरा माणूस आल्यावर काय होते, तो कोणती वही मागतो, कोणाशी बोलतो, काय लिहून जातो, याच्याशी नाटककाराला कर्तव्य नाही. नाट्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण मजुराचा प्रश्न पडदा पडल्यावरच सुरू होतो.

किमान वेतन कायदा १९४८ चा. त्याचे विधेयक १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मजूरमंत्री या नात्याने केंद्रीय कायदेमंडळात मांडले होते. या कायद्याने निरीक्षक नेमले. दावे ऐकण्यासाठी वेगळा प्राधिकारी ठेवला. कमी दिलेली रक्कम तर द्यावीच, वर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्याला दिला. मजुराने ‘मला कमी चालेल’ असे लिहून दिले तरी ते लिखाण रद्दबातल ठरवले. हे शेवटचे कलम मला फार मोलाचे वाटते. गरिबाची संमती किती स्वस्तात विकत घेता येते, हे ज्याने कायदा लिहिला त्याला ठाऊक होते.

प्रत्यक्ष तपासणी मात्र रटाळ असते. निरीक्षक कारखान्यात जातो. हजेरीपट, पगारपत्रक, जादा कामाची नोंदवही मागतो. हजेरीपटावरची नावे आणि समोर उभी माणसे मोजतो. नावे अकरा आणि माणसे सव्वीस असली की बाकीच्यांना ‘आजच आलेत’ असे सांगितले जाते. पगारपत्रकावरच्या सह्या एकाच शाईच्या आणि एकाच हाताच्या दिसतात. अंगठ्यांचे ठसे सारखे दिसतात. मग कामगाराला बाजूला घेऊन विचारायचे. तो आधी मालकाकडे बघतो, मग जमिनीकडे, आणि पगारपत्रकावर लिहिलेलाच आकडा सांगतो. या क्षणी निरीक्षकाला खरे काय ते कळलेले असते, पण त्याच्या हातात पुरावा नसतो. शेरा लिहायचा, कारणे दाखवा नोटीस द्यायची, खुलासा मागवायचा, तारीख द्यायची. तिसऱ्या तारखेला तक्रारदार येत नाही, कारण तो गावी गेलेला असतो किंवा त्याला पाठवलेले असते. यात एकही घटना नाट्यपूर्ण नाही. तरीही माणसाच्या भीतीचा इतका तपशील कथेला दुसरीकडे सापडणे कठीण.

तपासणीचा अहवाल हे साहित्य होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकातच मिळाले आहे. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कारखाने निरीक्षक नेमले गेले. त्यांतले लिओनार्ड हॉर्नर यांच्यासारखे निरीक्षक दर सहामाहीला सरकारला अहवाल देत. जेवणाच्या सुट्टीतली पाच मिनिटे मालक कशी चोरतो, संध्याकाळी यंत्र दहा मिनिटे जास्त कसे चालवतो, हे ते मोजून लिहीत. कार्ल मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडातले कामाच्या दिवसावरचे प्रकरण या अहवालांच्या आधारावर उभे केले. हॉर्नर काही क्रांतिकारक नव्हते, मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांनी पाहिले ते लिहिले. त्या ग्रंथातले सर्वांत वाचनीय प्रकरण कोणते, असे मला विचारले तर मी तेच सांगेन, आणि त्याचे निम्मे श्रेय या सरकारी नोकरांना देईन.

आपल्याकडचे असे उदाहरण १९८२ चे. दिल्लीच्या एशियाड स्पर्धांसाठी बांधकामे चालू होती. तीन समाजशास्त्रज्ञ तिथे गेले, मजुरांशी बोलले आणि त्यांच्या अहवालावरून एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. रोजचे किमान वेतन सव्वानऊ रुपये, त्यातला एक रुपया जमादार कापून घेत होता. या एका रुपयावरून न्यायालय असे म्हणाले की किमान वेतनापेक्षा कमी दराने काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमातली वेठबिगारी आहे. प्रीस्टलीचे अडीच शिलिंग आणि दिल्लीचा हा एक रुपया शेजारी ठेवून पाहावेत. मराठीत त्या एका रुपयावर नाटक माझ्या वाचनात नाही.

मराठीत कामगार आलाच नाही असे मात्र नाही. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ १९३३ ची. अण्णा भाऊ साठे, गवाणकर आणि आपले अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगाराला रस्त्यावरच्या रंगमंचावर आणले. बार्शीचे अमर शेख ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ या संग्रहांचे कवीही होते, पण त्यांचा आवाज लोकांच्या कानात इतका राहिला की कविता मागे पडली. नारायण सुर्व्यांनी गिरणगाव कवितेत आणला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने संपानंतरचे घर दाखवले. पण या परंपरेत कामगार दिसतो तो मोर्चात, संपात, नाही तर उद्ध्वस्त घरात. पगाराच्या खिडकीपाशी तो क्वचितच दिसतो. मुंबईच्या गिरणीत संघटना होती, करार होते. तिथला लढा मोठा होता, म्हणून साहित्यही मोठ्या स्वराचे झाले. जिथे संघटनाच नाही, दहा-बारा मागांचा कारखाना आहे आणि मालक कामगाराच्या गल्लीतच राहतो, त्या ठिकाणी हा स्वर चालत नाही.

आणि ते ठिकाण आपले आहे. भिवंडी, मालेगाव, सोलापूर, इचलकरंजी इथले यंत्रमाग, सोलापूर, सिन्नर, कामठी इथल्या विड्या. मुस्लिम कामगार नियमित पगाराच्या नोकऱ्यांत कमी आणि घरगुती, कंत्राटी कामांत, विशेषतः तंबाखू आणि कापडाच्या धंद्यात जास्त आहेत, हे सच्चर समितीने २००६ साली नोंदवले. त्यापूर्वी आपल्याला ते डोळ्यांनी दिसत होतेच. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेही सोलापुरात, जिथे दुपारी मोहल्ल्यातून चालताना दारादारांत सूप मांडीवर घेतलेल्या बायका दिसत.

मग आपल्या लेखनात मजुरी कुठे आहे? हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’मध्ये (१९६५) गाव आहे, जमीन आहे, कुळे आहेत, आणि प्रतिष्ठेचे राजकारण कसे पेटते ते आहे. त्यानंतरच्या आपल्या कथेने तलाक लिहिला, दंगल लिहिली, संशयाने पाहणारा शेजारी लिहिला, भाड्याने घर न मिळणे लिहिले. ते सर्व लिहिणे भागच होते. या कथेतला बाप विणकर असतो, आई विड्या वळते. पण ते त्यांचे वर्णन असते, जसे घराचे छप्पर पत्र्याचे असते तसे. हजार विड्यांना किती मिळाले, त्यातून छाट म्हणून किती बाजूला काढल्या, काढलेल्या विड्या परत दिल्या की सट्टेदाराने ठेवून घेतल्या, पाला कमी दिला की पुरेसा दिला, पुस्तकावर नाव एकीचे आणि वळणाऱ्या तिघी असे का, हे त्या कथेत येत नाही. आपले बहुतेक लेखक शिक्षक आणि प्राध्यापक आहेत. त्यांनी आईच्या बोटांवरचे घट्टे प्रेमाने लिहिले. आईचा हिशेब लिहिला नाही.

याचे एक कारण मला अधिक अवघड वाटते. आपल्या यंत्रमागाच्या गावांत मालक पुष्कळदा आपल्यातलाच असतो. जुम्याला तो आणि त्याचा कामगार एकाच सफीत उभे राहतात. मुलाच्या लग्नात सेठ येतो, आजारपणात उचल देतो, रमजानमध्ये जकात वाटतो. ही उचल फिटत नाही म्हणून कामगार दुसरा कारखाना धरू शकत नाही. जकात घेतलेला माणूस मजुरीचा दावा कसा करणार? अशा ठिकाणी सरकारी माणूस तपासणीला आला की सगळा मोहल्ला एक होतो. ‘आमच्याच लोकांना का त्रास?’ असा प्रश्न येतो. तो प्रश्न नेहमीच खोटा असतो असेही नाही, भेदभाव असतो, तो सोसलेला असतो. पण त्या प्रश्नाच्या आडोशाला बारा तासांची पाळीही उभी असते. निरीक्षक मुसलमान असेल तर त्याला आणखी एक वाक्य ऐकावे लागते, ‘साहब, आप तो अपने हो.’ या चार-पाच शब्दांवर एक दमदार कथा उभी राहील. ती लिहायची तर लेखकाला मोहल्ल्याची नाराजी पत्करावी लागेल, आणि बाहेरचे लोक ती आपल्याविरुद्ध वापरतील ही भीतीही. कोंडी खरी आहे. तरी दलवाईंपासून आपल्या परंपरेने घरातली गोष्ट घरात ठेवायची सक्ती मानलेली नाही. ती मजुरीपाशीच का मानावी?

धर्माच्या बाजूने पाहिले तर हे मौन अधिकच नवलाचे. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही हदीस प्रत्येक वाज करणारा सांगतो. सांगून तो पुढे जातो. पण परंपरेत नुसता उपदेश नव्हता, यंत्रणाही होती. अकराव्या शतकातल्या अल-मावर्दी यांनी राज्यव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात मुहतसिबाचे, म्हणजे बाजार तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे काम काजीपासून वेगळे काढले आहे. काजी फिर्याद आल्यावर ऐकतो, मुहतसिब फिर्यादीची वाट पाहत नाही. माप खोटे, माल भेसळीचा, आणि ऐपत असून देणे लांबवलेले, अशा उघड गोष्टींत तो स्वतः हात घालतो. पुरावे आणि शपथा लागतील तिथे प्रकरण काजीकडे जाते. निरीक्षक आणि दावा ऐकणारा प्राधिकारी यांची आपल्या कायद्यातली विभागणी याहून फार वेगळी नाही. त्याच परंपरेत हजरत उमर यांची गोष्ट आहे, इमाम गझालींनी ती सांगितली आहे. ते भिंत चढून एका घरात शिरले, तेव्हा घरमालकाने त्यांनाच सुनावले की तुम्ही हेरगिरी केली, दाराने आला नाहीत आणि परवानगीही घेतली नाही. खलिफाने ते मानले. तपासाचा अधिकार आणि घराचा उंबरठा यांचा हा झगडा घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या दारात आजही उभा आहे. तिचे घर हाच कारखाना, आणि कारखान्यात जाणे म्हणजे पडद्याच्या आत जाणे. मालकाने कारखाना घरात नेऊन ठेवला तो काही पडद्याच्या आदराने नाही.

निरीक्षकाला नायक करा असे मी सुचवत नाही. पाकीट घेऊन शेरा बदलणारे या खात्यात आहेत, हे कामगारांना माझ्याहून जास्त माहीत आहे. माझी तक्रार एवढीच की आपण त्याच्याबद्दल मालकांचा शब्द उचलला. ‘इन्स्पेक्टर राज’ हा शब्द कारखानदारांच्या सभांतून वर्तमानपत्रांत आला आणि तिथून आपल्या भाषेत. कामगाराच्या बाजूने त्या माणसाला काय म्हणतात, याची नोंद साहित्याने ठेवली नाही. ‘साहेब कधी येणार?’ आणि ‘साहेब आला तर काम जाईल’ ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून येतात. हे त्याच्याकडे पाहण्याचे जास्त खरे वर्णन आहे.

आता तर नावही बदलले. २०१४ पासून केंद्राच्या अखत्यारीत कोणत्या कारखान्याची तपासणी व्हायची हे संगणक सोडत काढून ठरवू लागला. २०१९ ची वेतन संहिता इतर तीन संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात निरीक्षक हा निरीक्षकही आहे आणि सुविधा पुरवणाराही. खटला भरण्याआधी त्याने मालकाला चूक सुधारण्याची लेखी संधी द्यायची. मजुरासाठी चांगली गोष्ट ही की दावा करायची मुदत तीन वर्षे झाली, जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहा महिने होती. गावी गेलेला तक्रारदार परत आला तर निदान दार उघडे असेल. पण निरीक्षक या शब्दाला सुविधाकाराची शेपूट जोडली की सुविधा कोणाची, हा भाषेचाही प्रश्न आहे. शब्दांचे काम करणाऱ्यांनी तो विचारायला हवा होता. गेल्या पाच-सहा वर्षांत या संहितांवर कामगार संघटनांची पत्रके निघाली, वकिलांचे लेख आले. कथा-कवितेत काही दिसले नाही.

नव्या लेखकांपैकी कोणी मालेगावचा असेल, कोणी भिवंडीचा. जुम्याची सुट्टी म्हणून गुरुवारी संध्याकाळी हिशेब होतो, तिथे तासभर उभे राहावे. मीटर किती निघाले, खराब कापडाचे किती कापले, उचलीत किती गेले, आणि हातावर काय पडले ते ऐकावे. कांडी भरणारी मुलगी पैसे मोजताना पाठ कोणाकडे करते तेही पाहावे.