सांधा लयीत आहे

पियानोवादक रॉबर्ट ग्लॅस्परचा 'ब्लॅक रेडिओ' हा अल्बम २०१२च्या फेब्रुवारीत ब्लू नोट या जॅझमधल्या मानाच्या कंपनीने काढला, आणि पुढल्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळाले ते सर्वोत्कृष्ट आर अँड बी अल्बमचे. वादक जॅझचे, कंपनी जॅझची आणि पारितोषिक भलत्याच दालनातले. जुना वाद त्यामुळे पुन्हा पेटला. एरिका बाडू, लेला हॅथवे, बिलाल, लुपे फियास्को, यासीन बे अशी गायक-रॅपरांची रांग पाहून काहींना वाटले की जॅझ पाहुण्यांच्या मागे दडले. इतरांना वाटले की जॅझला अखेर श्रोते मिळाले. दोघेही चुकीच्या ठिकाणी पाहत होते. कोण गाते, रॅप किती आहे, सोलो किती मिनिटांचा आहे, यावरून दोन संगीते एकजीव झाली की नाही ते कळत नाही. ड्रम आणि बेस मात्रा नेमकी कुठे ठेवतात आणि बाकीचे वादक त्या मात्रेवर कसे उभे राहतात, यावरून ते कळते. गेल्या पन्नासेक वर्षांतले जॅझ, फंक, सोल आणि हिप-हॉप यांच्या मिलाफाचे प्रयोग या एका निकषावर तपासले, तर त्यांतले खरे-खोटे बरेचसे वेगळे होते.

नव्वदच्या दशकातले फसलेले प्रयोग इथे फार बोलके आहेत. माइल्स डेव्हिसचा 'डू-बॉप' त्याच्या मृत्यूनंतर, १९९२मध्ये आला. ईझी मो बी या निर्मात्याने बांधलेल्या ठेक्यांवर माइल्सचा ट्रम्पेट वाजतो. सूर त्याचाच आहे, तोच संयम आहे, पण ठेका ट्रम्पेटचे काहीच ऐकत नाही. माइल्स एक जागा रिकामी सोडतो आणि ती रिकामीच राहते, कारण ड्रमचे सगळे आधीच ठरलेले आहे. साठच्या दशकातल्या त्याच्या पंचकात ड्रमवादक टोनी विल्यम्स अशा प्रत्येक रिकाम्या जागेला उत्तर देत असे, हे आठवले की उणीव जास्तच बोचते. अस थ्री या ब्रिटिश गटाने हर्बी हॅनकॉकच्या १९६४च्या 'कँटलूप आयलंड'चा तुकडा घेऊन केलेले गाणे जगभर गाजले. ऐकायला ते आजही छान वाटते, पण त्यात जॅझ पार्श्वभूमीला टांगलेले आहे. गुरू या रॅपरच्या 'जॅझमॅटॅझ'चा (१९९३) हेतू याहून गंभीर होता. डोनाल्ड बर्ड, रॉय एअर्स यांच्यासारखे वादक त्याने प्रत्यक्ष स्टुडिओत आणले. तरीही बहुतेक ठिकाणी ठेका आधी आणि वादन त्याच्यावर, हाच क्रम राहिला.

हे अटळ मुळीच नव्हते. हॅनकॉकने १९७३मध्येच 'हेड हंटर्स' करून वेगळा रस्ता दाखवला होता. त्या अल्बमसाठी त्याने आपला आधीचा वाद्यवृंद मोडला आणि त्यातल्या फक्त बेनी मॉपिनला सोबत ठेवले. ड्रमवर हार्वी मेसन, बेसवर पॉल जॅक्सन आणि तालवाद्यांवर बिल समर्स अशी फंक रक्तात असलेली माणसे त्याने घेतली. फंकची शिस्त मोठी कठोर असते. पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र यायचे, आणि मधल्या काळात प्रत्येकाने आपला छोटासा तुकडा न कंटाळता घोटायचा. 'कॅमिलियन'मध्ये सिंथेसायझरवरची बेसची ओळ कितीतरी वेळ तशीच फिरत राहते, तिच्याभोवती एकेक वाद्य येऊन बसते, आणि पंधरा मिनिटांच्या त्या रचनेच्या उत्तरार्धात पायाच बदलून इलेक्ट्रिक पियानोची उपज सुरू होते. सोलो मोठा आहे, पण तो ठेक्यावर स्वार झालेला नसून ठेक्यातून उगवलेला आहे. अल्बमच्या दहा लाखांवर प्रती खपल्या, आणि त्याच्याकडे धंदा म्हणून पाहणाऱ्यांना तेवढा आकडा पुरला. त्याच वर्षीच्या डोनाल्ड बर्डच्या 'ब्लॅक बर्ड'वरही हाच आरोप झाला. बर्डच्या बाबतीत मला त्यात काही तथ्य दिसते, कारण तिथे लॅरी मिझेलच्या निर्मितीत ट्रम्पेटला करण्यासारखे फारसे उरलेले नाही. हॅनकॉकवर मात्र तो आरोप टिकत नाही.

हॅनकॉकने फंक आत घेतले. हिप-हॉप आत घ्यायला मात्र आधी हिप-हॉपलाच स्वतःची लय घडवावी लागली. ते काम डेट्रॉइटच्या जेम्स यान्सी ऊर्फ जे डिला याने केले. ठोके आपोआप सरळ रेषेत बसवण्याची सोय ठेके बांधण्याच्या त्याच्या एमपीसी यंत्रात होती. त्याने ती बंद ठेवली, एवढेच सांगितले जाते, पण गोष्ट तेवढीच नाही. डॅन चार्नस यांनी 'डिला टाइम' (२०२२) या पुस्तकात दाखवले आहे की त्याचा विस्कळीतपणा अतिशय नेमका होता. स्नेअर किंचित लवकर येते, त्यामुळे किक उशिरा पडल्यासारखी वाटते. एक वाद्य मात्रेचे सरळ समान भाग करते आणि दुसरे त्याच क्षणी तिला झोल देऊन असमान भागते. आपल्याकडे लय मागे खेचून धरणारा गायक ओळखीचा असतो, पण तिथे तबला स्थिर असतो. डिलाकडे ठेकाच आतून दोन चालींनी चालतो, आणि ऐकणाऱ्याचा तोल सतत जरा ढळलेला राहतो. असे संगीत यंत्रावर घडले आणि मग हाडामांसाच्या वादकांना ते शिकावे लागले, ही या कथेतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब. गायक डीअँजेलोच्या 'व्हूडू'मध्ये (२०००) क्वेस्टलव्ह ड्रमवर तोच ढळलेला तोल हाताने आणू पाहतो. बेसवर पिनो पॅलाडिनो इतका मागे रेलतो की आता ओळ सुटणार असे वाटते. त्याच अल्बममध्ये जॅझ ट्रम्पेटवादक रॉय हारग्रोव्हही आहे. तीन वर्षांनी त्याने 'हार्ड ग्रूव्ह' केला, तो याच शाळेतून बाहेर पडून.

'ब्लॅक रेडिओ'ची ताकद इथून येते. डिला २००६मध्ये गेला. पुढल्याच वर्षीच्या 'इन माय एलिमेंट'मध्ये ग्लॅस्परने साध्या पियानो-बेस-ड्रमच्या त्रयीवर त्याला वंदन करणारी रचना ठेवली होती, म्हणजे तयारी जुनी होती. ग्लॅस्पर आणि ड्रमवादक क्रिस डेव्ह दोघेही ह्यूस्टनचे. ग्लॅस्परची आई चर्चमध्ये गॉस्पेल गायची आणि बाहेर जॅझ. सोल त्याला घरातच मिळाले. 'ॲफ्रो ब्लू' ऐकावे. मोंगो सांतामारियाची ही धून सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने तिनाच्या झोकात अमर केली. ग्लॅस्पर ती चाराच्या रेंगाळत्या ठेक्यावर ठेवतो, बाडू ती अर्ध्या झोपेतल्यासारखी गाते, आणि धून मोडत नाही, कारण क्रिस डेव्हचे ठोके प्रत्येक आवर्तनात थोडे सरकतात. तो ठेका धरतो आणि त्याच वेळी उपजही करतो. 'डू-बॉप'मध्ये जे नव्हते ते नेमके हे. अल्बममधले सगळेच असे उतरलेले नाही. शेवटचे, निर्वाना या रॉक गटाचे गाणे केसी बेंजामिनच्या व्होकोडरमध्ये गुदमरते, आणि पाहुण्यांची संख्या निम्मी केली असती तर पियानोला श्वास मिळाला असता.

यावर विंटन मार्सालिससारख्या वादकाचा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. जॅझचा प्राण स्विंग आणि ब्लूज, ते गेले की उरते ते दुसरेच काही, असे तो वर्षानुवर्षे निष्ठेने मांडत आला आहे. या निष्ठेमुळेच जुन्या रचना आजही उत्तम वाजवल्या जातात. पण स्विंग म्हणजे तरी मात्रेची असमान फाळणीच, आणि डिलाने ती फाळणी सरळ लयीच्या शेजारी आणून बसवली. स्विंग तिथे नवे झाले आहे, गेलेले नाही. १९९७मध्ये पुलित्झर मार्सालिसला मिळाले आणि २०१८मध्ये रॅपर केंड्रिक लमारला. बाहेरच्या जगाने दोन्हींना एकाच तराजूत घातले, यावरून वाद मिटत नाही, पण त्याची जागा बदलते. दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे: हे सगळे कृष्णवर्णीय अमेरिकेचे एकच संगीत, मग मिश्रणाचे कौतुक कसले? लेखक अमिरी बराका यांनी साठच्या दशकातच ही एकता ठामपणे मांडली होती, आणि इतिहास म्हणून ती मला मान्य आहे. मात्र मूळ एक असले तरी हात वेगळे वळण घेतात. जॅझच्या क्लबात घडलेल्या ड्रमवादकाला 'व्हूडू'चा ठेका आयता येत नाही. तो कमवावा लागतो, आणि कौतुक त्या कमाईचे आहे.

लमारच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'ने (२०१५) ही कमाई रॅपच्या मध्यभागी नेली. थंडरकॅट, टेरेस मार्टिन, कमासी वॉशिंग्टन आणि खुद्द ग्लॅस्पर त्यात आहेत. 'फॉर फ्री?'मध्ये रॅप वेगवान स्विंगवर सॅक्सोफोनच्या सोलोसारखा धावतो आणि ड्रम त्याला शब्दागणिक उत्तर देतो. लंडनमध्ये पाया निराळा, आफ्रोबीट आणि कॅरिबियन ठेक्यांचा. तिथल्या एझ्रा कलेक्टिव्हने २०२३मध्ये मर्क्युरी पारितोषिक घेतले, ते मिळवणारा पहिला जॅझ गट म्हणून. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. डिलाचा तोल आता संगीतशाळांतला धडा झाला आहे, आणि कित्येक नव्या अल्बमांत तो रेंगाळणारा ठेका पहिल्या मिनिटापासून ओळखू येतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. लमारच्या त्या अल्बमच्याच वर्षी आलेला वॉशिंग्टनचा 'द एपिक' तीन डिस्कचा, जवळजवळ तीन तासांचा आहे. त्यात 'ब्लॅक रेडिओ'ला हवा होता तो विस्तार आहे, पण सोलोची भाषा कोल्ट्रेनच्या काळातली राहते. शिकागोचा ड्रमवादक मकाया मॅक्रेव्हन 'इन द मोमेंट'मध्ये (२०१५) प्रेक्षकांसमोर वाजवलेली उपज नंतर स्वतःच कापून-जोडून तिचे ठेके बनवतो. यंत्र आणि हात यांच्यातले अंतर तिथे सर्वांत कमी झाले आहे. त्याच्याही अल्बमांत सॅक्सोफोन पुढे आला की वाक्ये जुन्या वळणावर जातात. ढळत्या ठेक्यावर पंधरा मिनिटे टिकेल, आणि त्याच ठेक्याच्या तर्काने वाढेल, अशी सोलोची बांधणी 'कॅमिलियन'नंतर ऐकायची राहिली आहे.