दूधवालीचा हिशेब

इंग्रजी वाङ्मयेतिहासात ॲन यर्स्ली (१७५३–१८०६) बहुधा हॅना मोरच्या चरित्रातले एक कटू प्रकरण म्हणून भेटते. मोरने एका गरीब दूधवालीला कवयित्री म्हणून पुढे आणले आणि ती कृतघ्न निघाली, असा त्याचा सारांश. कृतज्ञतेचा प्रश्न बाजूला ठेवून मी त्यातला पैशाचा व्यवहार तपासला, तेव्हा हा सारांश मला पटेनासा झाला.

यर्स्ली ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनमध्ये दारोदार दूध विकत असे. १७८४च्या सुमारास तिच्या घरावर उपासमारीची पाळी आली होती. मोरच्या स्वयंपाकघरातले खरकटे ती आपल्या डुकरासाठी नेई. तिच्या कवितांची वार्ता स्वयंपाकिणीकडूनच मालकिणीपर्यंत पोचली. मोरने त्या कविता तपासल्या, व्याकरण सुधारले आणि एलिझाबेथ मॉन्टेग्यूच्या मदतीने हजाराहून अधिक वर्गणीदार मिळवले. १७८५मध्ये संग्रह निघाला. मोरचे हे श्रम थोडे नव्हते.

पुस्तकाच्या उत्पन्नातून सुमारे ३५० पौंडांचा निधी उभा राहिला आणि मोर व मॉन्टेग्यू त्याच्या विश्वस्त झाल्या. मुद्दलावर कवयित्रीचा अधिकार राहिला नाही. विवाहित स्त्रीची मिळकत तेव्हा कायद्याने नवऱ्याची ठरे. त्यामुळे पैसा त्याच्या हाती पडू नये ही मोरची काळजी निराधार म्हणता येत नाही. पण यर्स्लीची मागणी काय होती? आपल्यालाही विश्वस्त करावे आणि मुले २१ वर्षांची झाली की रक्कम त्यांच्यात सारखी वाटावी. ही उधळ्या बाईची मागणी नव्हे. तरी ती मान्य झाली नाही. स्वतः मोरला मात्र, लग्न मोडलेल्या वराने लावून दिलेल्या २०० पौंडांच्या वर्षासनामुळे निर्वेधपणे लिहिता येत होते.

माझ्या मते भांडण एवढेच होते: हा पैसा दान की कमाई? मोरच्या लेखी कविता हा दुःखी मातेला मदत मिळवून देण्याचा मार्ग होता. काव्यलेखनाने तिचे घरसंसारावरचे लक्ष उडू नये, हे तिने प्रस्तावनेच्या पत्रातच सूचित केले होते. यर्स्लीच्या लेखी ती मेहनत होती आणि मेहनतीचा हिशेब मागता येतो.

तिने तो मागितलाही. १७८६च्या चौथ्या आवृत्तीत तिने आपली कैफियत छापली, ती थेट वर्गणीदारांना उद्देशून. मला हे पाऊल तिच्या कवितांइतकेच महत्त्वाचे वाटते. आश्रयदात्रीला ओलांडून तिने पुस्तक विकत घेणाऱ्यांपुढे गाऱ्हाणे मांडले; आश्रयाच्या जागी वाचकाला उभे केले.

यानंतर ती गप्प बसली नाही. १७८८मध्ये गुलामांच्या व्यापारावर मोरची दीर्घ कविता आली, तशी यर्स्लीचीही. आणि ब्रिस्टल हे त्या व्यापाराचे मोठे बंदर होते. पुढे तिने नाटक लिहिले, कादंबरी लिहिली. १७९३मध्ये ब्रिस्टलच्या हॉटवेल्स भागात तिने स्वतःचे फिरते वाचनालय काढले. आता वर्गणी तिच्या हाती येत होती आणि हिशेबही तीच ठेवत होती.