पंथाचा प्रश्न आणि रमाबाईंची पत्रें

शिरूरच्या नवख्रिस्त्यास पूर्वीं पंथ निवडावा लागत नसे. गांवांत अमेरिकन मराठी मिशन होतें, तेंच त्याचें चर्च. दौंड तालुक्यांतील केडगांवीं मुक्ति मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंना मात्र ही सोय मानवली नाहीं. ए. बी. शहा यांनीं १९७७ सालीं संपादिलेल्या त्यांच्या पत्रव्यवहाराचें खरें मोल आम्हांस येथेंच दिसतें.

१८८३ च्या सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांनीं अँग्लिकन चर्चमध्यें बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच काळांत सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं वाद जुंपला. त्रैक्याचा सिद्धांत बायबलांत आढळल्यावांचून त्या मानीनात. क्रूसावरील लेख लॅटिनांतच कां, संस्कृतांत कां नको, असाही त्यांचा सवाल. हा नुसता भाषाभिमान नव्हे. ख्रिस्ताबरोबर इंग्लंडही पतकरावें काय, हा त्यामागचा पेंच आहे. जेराल्डीनबाईंस यांत अहंकार दिसला. पत्रें मुळांत जुळविलीं त्यांनींच, त्यामुळें वाचकास प्रतिपक्षाच्या चष्म्यांतून पाहावें लागतें. तरीही शिष्येचीं उत्तरें त्यांनीं राखून ठेविलीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों.

वादाची खरी झळ लागते ती लहानग्या मनोरमेच्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नीं. मुलगी जेराल्डीनबाईंच्या मायेंत वाढत होती. आणि स्वतःस न पटलेलें मत तिला शिकवूं नये, असा आईचा आग्रह होता. येथें दोघींपैकीं कोणासही निष्ठुर म्हणण्यास आमची लेखणी धजत नाहीं.