बढतीचा वाद आणि बदललेला मालक : एका निर्णयाचे परीक्षण

सार्वजनिक सेवेतील नोकराने बढतीसंबंधी दाद कोठे मागावी, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रशासकीय न्यायाधिकरणांच्या अनुषंगाने होते. १९८५ च्या कायद्याने ज्येष्ठता, बढती इत्यादी सेवाविषयक वाद उच्च न्यायालयांच्या कक्षेतून काढले आणि १९९७ साली चंद्रकुमार प्रकरणी सात न्यायमूर्तींच्या पीठाने उच्च न्यायालयांचा पुनर्विलोकनाचा अधिकार पुनःस्थापित केला, हा इतिहास विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. सरकारी मालकीच्या कंपन्यांतील नोकरांची स्थिती मात्र निराळी असून ती अधिक डळमळीत आहे. मदिरेड्डी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२४ रोजी दिलेला निर्णय या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखा आहे.

वादाचे स्वरूप असे. एअर इंडियाच्या सेवेतील काही कर्मचाऱ्यांनी २०११ पासून मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज दाखल केले. वेतन एकाच पायरीवर कुंठित झाले, बढती नाकारली गेली, वेतनसुधारणेत विसंगती राहिली, या त्यांच्या तक्रारी होत्या. त्या वेळी ही कंपनी सरकारी होती आणि म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’ होती, याविषयी दुमत नव्हते. अर्ज प्रलंबित राहिले. अर्जदार दरम्यान निवृत्त झाले. आणि २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटा समूहाच्या मालकीची झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात उच्च न्यायालयाने अर्ज चालण्यास अपात्र ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मत कायम केले.

न्यायालयाची विचारसरणी सहजासहजी टाकून देण्याजोगी नाही. रिट म्हणजे आज्ञा. ज्याच्यावर आज्ञा बजावावयाची तो आज्ञेच्या दिवशी ‘राज्य’ नसेल आणि सार्वजनिक कर्तव्यही पार पाडीत नसेल, तर ती आज्ञा काढावी कोणावर? खासगी मालकाने अनुच्छेद १६ चे पालन करावे असा हुकूम देणे म्हणजे मूलभूत हक्कांचा रोख ज्याच्याकडे नाही त्याला त्यात गोवणे होय. ज्याला आज बढती हवी आहे अशा नोकराच्या बाबतीत हा युक्तिवाद मला निर्णायक वाटतो.

परंतु येथील अर्जदार निवृत्त झाले होते. त्यांना नव्या मालकाकडून पद मिळावयाचे नव्हतेच. प्रश्न उरला होता तो एवढाच, की कंपनी सरकारी असताना तिने त्यांच्या हक्काचा भंग केला काय, आणि केला असल्यास फरकाची रक्कम किती. बढती मिळणे हा मूलभूत हक्क नसला तरी बढतीसाठी विचार होणे हा तसा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच अजितसिंग प्रकरणी १९९९ मध्ये सांगितले आहे. त्या हक्काचा भंग, तो झाला असल्यास, ज्या दिवशी झाला त्या दिवशीच पूर्ण झाला. पुढील भागविक्रीने तो पुसला जात नाही. कंपनीचे विधिमान्य व्यक्तित्वही तेच राहिले, बदलले ते भागधारक. मग भूतकाळातील भंगाची घोषणा आणि त्यातून उद्भवणारे देणे यांना भविष्यकालीन आज्ञेपासून वेगळे काढणे शक्य होते. निर्णयात हा भेद केलेला नाही, आणि त्याची मुख्य उणीव मला येथेच दिसते.

दाव्याची पात्रता तो दाखल झाला त्या दिवशीच्या स्थितीवरून पाहावी, हा आपल्या न्यायपद्धतीतील सामान्य नियम. नंतरच्या घटना विचारात घेता येतात, पण त्या न्याय पुरा व्हावा म्हणून. प्रस्तुत प्रकरणी नंतरची घटना, म्हणजे मालकीबदल, प्रतिपक्षी केंद्र सरकारनेच घडवून आणली होती. आणि दशकभराचा विलंब झाला तो न्यायालयाच्या दप्तरात. (अर्ज दोन-तीन वर्षांत निकालात निघते तर हा मुद्दा उपस्थितच झाला नसता.)

अन्य न्यायासनाकडे जाण्याची मुभा अर्जदारांना आहे आणि मुदतीच्या कायद्यातील कलम १४ चा लाभही त्यांना मिळावा, असे न्यायालय म्हणते. ही सवलत उदार दिसते. तिचे मोल मात्र तपासून पाहिले पाहिजे. ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यास औद्योगिक न्यायासन मोकळे आहे. जो बसत नाही, त्याला दिवाणी न्यायालय. तेथे वैयक्तिक सेवेचा करार सक्तीने अमलात आणता येत नाही, हा नियम वैश पदवी महाविद्यालय प्रकरणात अपवादांसह मांडलेला आहे; खासगी कंपनीचा अधिकारी त्या अपवादांत मोडत नाही. त्याला मागता येईल ती करारभंगाची नुकसानभरपाई, आणि तीही बढतीचे नियम कराराचा भाग होते हे प्रथम सिद्ध करून. समान वागणुकीचा जो प्रश्न त्याने २०११ साली विचारला होता, तो या दाव्यात विचारण्यास जागाच राहत नाही.